गल्लीचा खतड्रम : उन्हाळ्याची नोंद

ड्रम उपाशी राहायला लागलाय, आणि खतवाल्या माणसाला हे सांगताना थोडं जडच जातं.

दिवाळीनंतर लातूरच्या आमच्या गल्लीत ड्रममध्ये जाणाऱ्या ओल्या कचऱ्याच्या बादल्या दोन केल्या. एकीत साली-डेखं, दुसरीत शिजवलेलं. पहिलीचं काही सांगण्यासारखं नाही. सोयाबीनच्या भुस्कटात सगळं गुमान कुजतं. दुसरी मात्र रोज संध्याकाळी ताणकाट्याला लटकवायची आणि आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. कुणाच्या घरचं किती, हे विचारायचं नाही, आकडा गल्लीचा.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतात घरगुती वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो धरलंय. हे सांगितल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या घरात तर कणभर जात नाही." त्या आकड्यात सालीही मोजतात, म्हणून मी वाद घातला नाही. बादली दाखवली. वर अख्ख्या भाकऱ्या, खाली वरणात भिजलेला भात. काकूंनी भाकरी उचलून बोटाने दाबून पाहिली. "ही तर सकाळचीच. कुस्करा झाला असता की हिचा!"

तिथून गाडी फिरली. उरलेलं वरण धपाट्याच्या पिठात जातंय, भाताच्या पापड्या गच्चीवर वाळतायत, आणि भाकरी किती थापायची हे जेवणाऱ्याला विचारून ठरतंय. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत या विचारण्यात आहे; खत ही त्यानंतरची गोष्ट.

आता ड्रमचं. शिजवलेलं कमी झाल्याने वास गेला आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या, कुजकं खाणाऱ्या अळ्याही कमी झाल्या. (त्या बिनधोक असतात, पण गल्लीला कोण पटवणार?) मधला थर ५५ अंशांवर जातो, कडेचा मात्र या उन्हात ठणठणीत कोरडा. नळाचं पाणी ओता म्हणायची सोय नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे गाव. म्हणून भाजी धुतलेलं पाणी, वरून ओलं पोतं. ड्रममधलं खत मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटला की बास.

लग्नसराईत एका घरून पातेलंभर मसालेभात आला. तो ड्रमकडे येण्याआधी शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांकडे गेला, गरम असतानाच.

पावसाळ्यासाठी भुस्कटाची पोती कुठं कोरडी ठेवायची, हे अजून ठरत नाहीये. कुणी तुराट्या बारीक करून वापरल्या असतील तर सांगा. त्या लवकर कुजत नाहीत, पण हवा छान खेळते असं वाटतंय.