आमची वाटचाल: चुन्याचा पट्टा

नोकरीनिमित्त ब्रसेल्सला आलो, तेव्हा एका कॅफेत पहिल्यांदा ग्यूझ नावाची बिअर चाखली आणि बाटली परत केली. म्हटलं, नासलीये. वाढणारी बाई हसली. "आंबटच असते ती." पैसे तर द्यायचेच होते, म्हणून संपवायला घेतली. तिसऱ्या घोटाला लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा वास लागला आणि मी अडकलो.

पुढच्या शनिवारी मी आणि बायकोने ब्रसेल्सच्याच अँडरलेख्ट भागातली कांतियाँ ब्रुअरी गाठली. १९०० सालची. माळ्यावर तांब्याचं उथळ भांडं, खोलीभर पसरलेली परातच म्हणा. सातू आणि साधारण ३५ टक्के कच्चा गहू यांचा रस हॉप्स वेलीच्या फुलांबरोबर उकळून तिच्यात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही, हवेतून पडेल तेच विरजण. म्हणून हे काम थंडीतच. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. मग लाकडी पिंपात तीन-तीन वर्षं मुरवायचं. कोळ्यांची जाळी तिथे झाडत नाहीत, कारण कोळी माश्या खातात. दिवाळीची साफसफाई आठवून बायको म्हणाली, "मला इथेच नोकरी हवी."

ही झाली लांबिक. एक, दोन आणि तीन वर्षांची लांबिक एकत्र केली की ग्यूझ. कोवळ्या लांबिकमधली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. जवळच्या पायोटनलांड भागात काहीजण स्वतः रस उकळतच नाहीत, दुसऱ्यांकडून आणून मुरवतात आणि मिसळतात. हे ऐकलं तेव्हा धीर आला. बनवता नाही आली, तरी या धंद्यात जागा आहे.

२०१६ साली या बिअरचं छोटं दुकान टाकलं. दोन वर्षं भाडं माझ्या पगारातून गेलं. पहिला माल आला तो धुळीने माखलेला, प्रत्येक बाटलीवर पांढरा ओघळ. रात्री बसून ४८ बाटल्या घासून लख्ख केल्या. सकाळी एक आजोबा आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. तळघरात आडव्या ठेवलेल्या बाटलीची वरची बाजू कळावी, म्हणून चुन्याचा तो पट्टा मारतात. बाटली तशीच उचलून टोपलीत ठेवली की गाळ हलत नाही. तरी त्यांनी दोन घेतल्या. "उभ्या करून ठेवीन आठवडाभर," म्हणाले.

गेल्या वर्षी सासरे आले. त्यांना न सांगता ग्लास पुढे केला. "कोकम सरबतात सोडा घातलाय का?" म्हणाले आणि अजून मागितलं.