सगळी विमानं सारखीच दिसतात, मग बघायचं काय?

जुहू चौपाटीवर संध्याकाळी तासभर वर बघत उभं राहा. वारा पश्चिमेकडून असला की २७ नंबरच्या धावपट्टीवरून उडालेलं प्रत्येक विमान तिथूनच समुद्रावर जातं, गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक. आणि बहुतेक सगळी एकाच साच्यातली: पंखाखाली दोन इंजिनं, गोल नाक, एक उभी शेपटी. फरक काय तो रंगाचा. जुन्या विमानांचे शौकीन म्हणतात की आता विमानांत राम उरला नाही.

डोळ्यांपुरतं बोलायचं तर त्यांचं खरं आहे. सांताक्रूझला एके काळी एअर इंडियाची बोइंग ७०७ उतरायची, इंडियन एअरलाइन्सची कॅरावेल, ब्रिटिश कंपनी बीओएसीची चार इंजिनं शेपटीत घेतलेली व्हीसी-१०. कॅरावेलच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी होत्या आणि नाक सरळ कॉमेट विमानाचं उचललेलं होतं. नखभर फोटोवरूनही यातलं कुठलंही विमान ओळखता यायचं. पण हे वेगळेपण कुणी हौसेनं दिलेलं नव्हतं. प्रत्येक वेगळ्या आकारामागे एक अडचण होती आणि तिच्यावरचा उपाय उघड्यावर मांडलेला होता. अडचणी आजही आहेत, उपाय मात्र आत गेलेत. म्हणून नवीन विमान बघायला थोडी माहिती लागते.

शेपटीतल्या इंजिनांचंच घ्या. इंजिनं मागे नेली की पंख मोकळा राहतो, पुढच्या रांगांत आवाज कमी येतो, विमान जमिनीला टेकवून बनवता येतं. पण आडवी शेपटी मग उभ्या शेपटीच्या टोकावर न्यावी लागते आणि तिथे खरी भानगड सुरू होते. नाक फार वर गेलं आणि पंखांनी उचल सोडली, तर पंखांवरची विस्कटलेली हवा नेमकी त्या शेपटीवर येते. वैमानिक दांडा पुढे ढकलतो, पण एलिव्हेटरला, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलत्या भागाला, चावायला धड हवाच नसते. याला डीप स्टॉल म्हणतात. १९६३ मध्ये बीएसी वन-इलेव्हनचं चाचणी विमान यातच गेलं. त्यानंतर अशा विमानांत दांडा आपोआप पुढे ढकलणारं यंत्र बसवायला लागले.

पंखाखाली इंजिन टांगलं की हा प्रश्न निम्माअधिक संपतो, वर एक फायदा फुकट मिळतो. हवेत पंख वर वाकायला बघतो, इंजिनाचं वजन त्याला खाली ओढतं, त्यामुळे पंखाच्या मुळाशी धातू कमी लागतो. मेकॅनिकला काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायला उंच शिडीही लागत नाही. मग चाराची दोन इंजिनं का झाली, तर इंजिनं भरवशाची झाली म्हणून. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहावं लागे. १९८५ मध्ये ती मर्यादा १२० मिनिटांवर गेली, आज एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळू शकते. चार इंजिनांचा धंदा तिथेच बसला. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून पंख हलवून निघून गेलं, त्याची मुळं या आकड्यात आहेत.

पंखांची गोष्ट आणखी रंजक आहे. ७०७ चे पंख ३५ अंश मागे झुकलेले होते, ७४७ चे साडेसदतीस. ए३२० चे फक्त २५ अंश, आणि आत्ताच्या ए३५० चे साधारण ३२. वेग मात्र जवळजवळ तिथेच आहे: ७४७ मॅक ०.८५ च्या (ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या) आसपास उडायचं, ए३५० सुद्धा तेवढ्यानंच उडतं. कमी झुकवून तोच वेग कसा मिळतो? पंखाच्या वरच्या बाजूला हवा ध्वनीच्या वेगापुढे जाते आणि पुढे एकदम मंदावते. तिथे शॉकवेव्ह तयार होते आणि इंधन खाते. जुना इलाज म्हणजे पंख आणखी झुकवा. नवा इलाज म्हणजे पंखाची वरची बाजू सपाट करा आणि मागच्या कडेजवळ खालून खोलगट वळण द्या, म्हणजे शॉक सौम्य होतो. असा पंख जाडही ठेवता येतो. जाड पंख हलका होतो आणि त्यात इंधन जास्त मावतं. खिडकीतून यातलं काही दिसत नाही.

दिसायचं ते फ्लॅपमध्ये, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेतून खाली येणाऱ्या भागांत. जुन्या ७४७ चे फ्लॅप तीन तुकड्यांचे, उतरताना एकामागून एक बाहेर यायचे आणि मधल्या फटींतून खालची मुंबई दिसायची. बघायला झकास, पण प्रत्येक तुकड्याला वेगळे रूळ, रोलर, स्क्रू, वंगण, आणि प्रत्येक रोलर झिजणारा. ए३५० मध्ये एकच तुकडा साध्या बिजागरीवर खाली येतो, आणि मधली फट बरोबर राहावी म्हणून वरचा स्पॉयलर, म्हणजे पंखाच्या पाठीवरची पट्टी, आपणहून थोडा खाली वाकतो. ते काम कॉम्प्युटर करतो. रुळांचा पसारा गेला, त्याबरोबर तो तमाशाही गेला. मला यात नवं डिझाइन सरस वाटतं, पण खिडकीची सीट तेव्हाचीच भारी होती हे कबूल.

इंजिनाबद्दल मात्र माझं मत एकतर्फी आहे. गाभ्यातून एक किलो हवा जाते, तेव्हा बाजूने किती जाते याला बायपास म्हणतात. एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ वरच्या रोल्स-रॉइस कॉनवेत बाजूने ३०० ग्रॅम जायची. ७४७ च्या जेटी९डी मध्ये पाच किलो. आज इंडिगोच्या अनेक ए३२० निओवर जे प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं इंजिन आहे, त्यात सुमारे बारा किलो. त्याचा फॅन ८१ इंचांचा. एवढ्या मोठ्या फॅनची टोकं फार वेगात फिरली तर गोंगाट होतो आणि जोर वाया जातो, उलट मागची टर्बाइन (गरम वायूंनी फिरून फॅनला फिरवणारी चाकं) वेगात फिरली तरच कामाची. म्हणून दोघांच्या मध्ये गिअर घातलाय: टर्बाइनचा शाफ्ट मिनिटाला साधारण १०,००० फेरे, फॅन त्याच्या एक तृतीयांश. हजारो अश्वशक्ती एका छोट्या गिअरपेटीतून न्यायची आणि तिचं तेल तापू द्यायचं नाही, हे काम करायला कंपनीला काही दशकं लागली.

गंमत अशी की गिअर टिकला आणि दुखणी दुसरीकडे निघाली. इंजिन बंद केल्यावर आतली गरम हवा वर साचते, शाफ्टची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि शाफ्ट केसभर वाकतो. तसाच चालू केला तर पाती कवचाला घासतील. म्हणून इंधन न देता इंजिन आधी नुसतं फिरवून सरळ करून घ्यावं लागतं. सुरुवातीच्या निओ विमानांत पुशबॅकनंतर, म्हणजे गेटवरून विमान मागे ढकलल्यावर, प्रवासी ताटकळायचे ते यासाठी. पुढे २०२३ मध्ये कळलं की टर्बाइनच्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या त्यात अशुद्धता आली होती. मग इंजिनं उतरवून अल्ट्रासाउंडने तपासणी, आणि जगभर शेकडो विमानं जमिनीवर.

मुंबईत या इंजिनांचं आणखी एक वागणं ऐकायला मिळतं. समुद्रसपाटीवर बहुतेक इंजिनांचा पूर्ण जोर ३० अंश सेल्सिअसपर्यंतच मिळतो. त्यावर टर्बाइनचं तापमान आड येतं. मे महिन्यात सांताक्रूझचा पारा दुपारी ३३-३४ वर असतो. तरीही विमान हलकं असेल आणि धावपट्टी पुरेशी लांब असेल तर वैमानिक कॉम्प्युटरला मुद्दाम खोटं सांगतात: बाहेर ५० अंश आहे असं समज. इंजिन तेवढाच कमी जोर लावतं, आयुष्य वाढतं, विमान धावपट्टी जास्त खातं. याला एअरबसवाले फ्लेक्स टेकऑफ म्हणतात. जुलैत धावपट्टीवर पाणी साचलं की हे चालत नाही, पूर्ण जोर लावावाच लागतो. धो-धो पावसात तेच विमान जास्त कडाडतं, ते ढगांमुळे नव्हे.

ए३२० चा आणखी एक आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो: टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, जमिनीखालून कुत्रा भुंकतोय असा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक, यंत्रणांना इथे रंगांची नावं आहेत. एका इंजिनावर टॅक्सी चालली असेल तर हिरव्या यंत्रणेत ३,००० पीएसआय दाब असतो, पिवळीत कमी. फरक ५०० च्या वर गेला की मधलं पॉवर ट्रान्सफर युनिट धडाधड चालू-बंद होऊन तेल न मिसळता दाब पोहोचवतं. बिघाड काही नाही. ए३५० मध्ये हे युनिटच नाही. ५,००० पीएसआयच्या दोन हायड्रॉलिक यंत्रणा आणि जोडीला पंख-शेपटीच्या काही हलत्या भागांवर स्वतःचा पंप असलेले विजेवरचे ॲक्च्युएटर (ते भाग हलवणारी यंत्रं). भुंकणं गेलं.

आत गेलेल्या उपायांना एक धोका असतो, आणि तो सांगितल्याशिवाय नव्याची बाजू घेणं बरोबर नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं जेमतेम नवं ए३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ९२ जण गेले. विमान ज्या मोडमध्ये होतं त्यात इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर, होती, वेग आणि उंची उतरत गेली, आणि जोर मागितल्यावर तो यायला काही सेकंद लागले. ए३२० मध्ये ऑटोथ्रस्ट (जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रॉटलचे दांडे जागचे हलत नाहीत. जुन्या विमानात हाताला कळलं असतं, इथे पडद्यावर वाचावं लागतं.

जुनं सुरक्षित होतं असा मात्र अर्थ काढू नका. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे ७४७ सांताक्रूझहून उडून वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जण गेले. कॅप्टनचं क्षितिज दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, आणि उरलेली यंत्रं बरोबर दाखवत असूनही भरवसा चुकीच्या यंत्रावर बसला. आज कॉम्प्युटर ती यंत्रं सतत ताडून बघतो आणि मेळ बसला नाही की लगेच पडद्यावर लिहितो.

तरी एकाच सेन्सरवर विसंबायची खोड चाळीस वर्षांनी परत आली. ७३७ हे १९६७ साली उडालेलं विमान, पाय आखूड, कारण तेव्हा सामान हातानं चढवायचे. त्याच पायांवर नव्या ७३७ मॅक्सचं मोठं इंजिन बसवायला ते पुढे आणि वर सरकवलं, त्यामुळे नाक वर जायची ओढ वाढली आणि ती झाकायला नाक आपोआप खाली ढकलणारं एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर घातलं. ते नाकाचा कोन सांगणाऱ्या एकाच सेन्सरचं ऐकायचं आणि वैमानिकांच्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमानं पडली. आता ते दोन सेन्सर ताडतं, फरक दिसला तर गप्प बसतं. मुंबईत अकासाची मॅक्स विमानं जुहूवरून जातात, ती ओळखायला सोपी: उडाल्यावर पोटाला दोन काळी चाकं उघडीच दिसतात, कारण मुख्य चाकांना पूर्ण झाकणं नाहीत.

कार्बन फायबरबद्दल जाहिरातींत खूप येतं, कामगारांबद्दल काहीच नाही. ७८७ वजनाने ५० टक्के कंपोझिट (राळेत घट्ट केलेले कार्बनसारख्या धाग्यांचे थर), ए३५० ५३ टक्के. ॲल्युमिनियम थकतं आणि गंजतं, म्हणून जुन्या केबिनमध्ये दाब ८,००० फुटांच्या उंचीएवढा ठेवत. ७८७ मध्ये ६,००० फुटांचा ठेवता येतो आणि हवा तितकी कोरडी ठेवावी लागत नाही. पण सामानाच्या गाडीनं ॲल्युमिनियमला ठोकलं तर पोचा दिसतो. कार्बनला ठोकलं तर वरून फारतर ओरखडा, आणि आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणून ठोकर लपवायची नाही, लगेच सांगायची, आणि अल्ट्रासाउंड लावायचा.

दुरुस्ती तर मुंबईच्या हवेत पावसाळ्यात कसोटीच. खराब थर उताराने घासून काढायचे, भाग आधी तापवून आतली ओल घालवायची, मग राळेत भिजवलेलं कापड थराथरानं लावून व्हॅक्यूम पिशवीखाली गरम ब्लँकेटनं शिजवायचं. ओल राहिली तर तिची वाफ होते, थरांत पोकळ्या पडतात आणि सगळं पुन्हा घासून काढावं लागतं. ते कापड उणे १८ अंशांत ठेवलेलं असतं. फ्रीझरमधून काढल्यावर पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, घाई करून फोडलं की दमट हवा त्यावर दव धरते. शिवाय कार्बन वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी असते. दुरुस्तीनंतर तिचीही जोडणी करावी लागते, नाहीतर वीज पडली की तिथेच भोक.

उघड्यावरचा उपाय परत बघायचा असेल तर बोइंग ७७७एक्स. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ७२ मीटर, आणि बहुतेक गेट ६५ मीटरपर्यंतच्या विमानांसाठी. म्हणून दोन्ही टोकं बिजागरीवर वर दुमडतात आणि रुंदी ६५ च्या आत येते. उतरल्यावर वेग ५० नॉटच्या (ताशी सुमारे ९३ किमी) खाली आला की ती आपोआप उभी राहतात. उडण्याआधी वैमानिकानं ती पसरून कुलूपबंद करायची, आणि विसरला तर कॉकपिटमध्ये इशारा वाजतो. एअर इंडियाने २०२३ मध्ये अशी १० विमानं मागवली आहेत.