आईनं चपला काढल्या नाहीत

शनिवार, रात्री उशिरा. श्टुटगार्ट.

पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. किल्ल्या दादाच्या हातात आल्या. आधीच्या मालकांनी गॅसची लाइन, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनचा नळ, सगळं एकेक करून दाखवलं आणि दादा फोन धरून त्यांच्यामागे खोल्याखोल्यांतून फिरला. वहिनीनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि चपला बाहेर सोडून आत आली. एजंटनंसुद्धा बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, तेवढंही मला इथून दिसलं. मग आई आली. उजवं पाऊल आधी टाकलं, पण चपलेसकट. हॉल, आतली खोली, तिची खोली, स्वयंपाकघर, बाल्कनी, की परत दारात. "बरं आहे की," म्हणाली. "उजेड आहे."

आईनं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही पायरीखाली चपला काढायला लावणाऱ्या बाईनं.

मंदार म्हणाला, फरशीवर धूळ असेल. असेल. वहिनीच्या पायाला नाही लागली ती. मंदार म्हणाला, तू उगाच काहीतरी काढतेस. तेही असेल. पण एवढे महिने ज्या घरासाठी जीव टांगणीला लागला होता, ते आज मिळालं आणि मला त्यातलं आठवतंय काय, तर आईच्या तपकिरी चपला पांढऱ्या फरशीवरून चाललेल्या.

हे घर कुणासाठी पाहिलं? ईराच्या शाळेसाठी, मंदारच्या चाकणसाठी, सगळं खरं. चौथीनंतर इथे शाळा बदलतेच, तेव्हा निघायचं तर आत्ताच, हेही खरं. पण सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागातल्या आमच्या घरात माजघरापर्यंत कृष्णा, आई-बाबा विश्रामबागला ओळखीच्यांकडे, आणि मी इथे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते मोबाइलवर बघतेय. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मधल्या वर्षी बाबा. तेव्हा विमानं बंद होती. ते जाऊ दे.

म्हणून पुणे, आणि म्हणून तिसरा मजला. सिंहगड रोडचा एक फ्लॅट याच्यापेक्षा मोठा होता, स्वस्तही होता. मंदार जवळजवळ हो म्हणून बसला होता. पण २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीतल्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, ते फोटो मी जपून ठेवले होते. नदीची निळी पूररेषा कुठून जाते आणि लाल कुठून, हे त्या दिवसांत मला ईराच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. एजंट वैतागून दादाला म्हणाला, "मॅडम नदीखात्यात आहेत का?" आईचं पाणी चुकवायचं म्हणून मी तिला सांगलीतून उठवणार, आणि पुन्हा पाण्यातच नेऊन बसवणार? नाही.

बाकी सगळं कागदांवरच झालं. दादाच्या नावच्या कुलमुखत्यारपत्रासाठी म्युनिकच्या वकिलातीत जाऊन सही, मग ते कुरिअरनं पुण्याला, तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, नाहीतर मुसळ केरात. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. सोसायटीचा ना हरकत दाखला, जो सेक्रेटरी अष्टविनायकाला गेल्यामुळे अडला होता. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पुण्यात मेट्रोचा सेस धरून सात टक्के, आम्हाला सहा. घर माझ्या नावावर आहे ते त्या एका टक्क्यामुळे, आणि मंदार तेव्हापासून मला मालकीणबाई म्हणतो. इकडे घर घ्यायचं तर नोटार अख्खा करार समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवतो. माझं खरेदीखत मी यू-बानमध्ये उभ्याउभ्या वाचलं. नोंदणीच्या सूची दोनवर नाव माझं. दस्तावर अंगठा दादाचा, फोटोही दादाचा, निळ्या शर्टातला, घामाघूम. बघून हसू आलं. नंतर नाही आलं.

चपला.

या आठवड्यात जिन्याची पाळी आमची आहे, दाराला पाटी लटकतेय. इथे श्वाबियात राहायचं तर केअरवोखं, म्हणजे ही साफसफाईची आठवड्याची पाळी, चुकत नाही. संध्याकाळी बादली घेऊन जिना पुसायला बसले आणि पुसतापुसता पुन्हा तेच. तिला आवडलं नसेल. तिला राग आला असेल. मला न विचारता माझं म्हातारपण ठरवलंत, असं ती तोंडानं म्हणणार नाही, ती पायानं म्हणाली. मग स्वतःचीच दया आली. इतक्या लांबून, एवढे पैसे घालून, रात्ररात्र दादाचे व्हिडिओ थांबवून थांबवून भिंतींची ओल शोधत बसलेली मी, आणि मला साध्या चपला काढून दाखवता आल्या नाहीत कुणाला? खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दार उघडून कोपरा राहिला म्हणून सांगितलं. पुसला.

वहिनीला मेसेज केला होता, त्याचं उत्तर तेवढ्यात आलं. आईंची टाच दुखते, डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही म्हणून सांगितलंय, घरातसुद्धा.

झालं, मिटलं, असं वाटायला हवं होतं. मी विचारलं, मग तुमच्याकडे घालते का घरात? वहिनी म्हणाली, नाही हो ताई, आमच्याकडे दारातच काढतात, ऐकत नाहीत.

म्हणजे बघा.

आईशी खरं तर दुपारीच बोलले होते. इथले चार, तिथले साडेसात, तिची मालिका संपल्यावर. विचारायचं ठरवूनच फोन लावला होता. पण पहिलं वाक्य तिचंच, "ईरा जेवली का?" आणि दुसरं, "ओटा उंच आहे गं. पोळ्या लाटताना खांदे भरून येतील."

कुणाचे खांदे, ते विचारलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की दीड मिनिट ती त्या स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात तिनं ओट्याला पोट टेकवून उंची घेतली होती. व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. खरंच. दादानं फोन खिडकीकडे वळवलाय, पण कडेला ती दिसते, ओट्याशी उभी, हात असे लाटणं धरल्यासारखे.

मग मीच विषय काढला, कधी येतेस राहायला. म्हणाली, "पावसाळ्यापुरती येईन. आषाढ-श्रावण. गणपतीला मात्र मला सांगलीत पाहिजे, सांगून ठेवते." आणि नदी तेव्हाही भरलेली असली तर? "तर तुझ्या घरात बसून बघेन की मोबाइलवर, तू बघतेस तशी."

तर हिशेब असा आहे. आयुष्यभराची बचत, वर वीस वर्षांचं कर्ज, वकिलात, वकील, सेक्रेटरीचं अष्टविनायक, आणि हे सगळं करून आईला वर्षाकाठी दोन महिन्यांची धर्मशाळा. मंदारला सांगितलं तर तो एवढा हसला की ईरा उठून बाहेर आली. म्हणाला, ऋषिमुनी चातुर्मासाला चार महिने तरी राहायचे.

मीही हसले. काय करणार. आम्ही तिघं तर अजून त्या उंबऱ्यापर्यंतही पोचलो नाही. ईराला तिची खोली पिवळी हवी आहे आणि तिला वाटतंय की बाल्कनीतून सांगलीची नदी दिसते.

दादाचा मेसेज आत्ता आला, तिथे पहाट झाली असेल, झोप नाही त्या माणसाला. ओटा खाली घ्यायचा तर आताच सांग, नंतर टाइल्सचं काम निघेल. आईची कोपरापर्यंतची उंची त्यानं रात्रीच मोजून घेतली आहे, ती काहीतरी ओरडत असताना. सोसायटीला अर्ज द्यावा लागेल, आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोक चालणार नाही असं सेक्रेटरींनी आधीच बजावलंय.