हायड्रिला, तिसरा आठवडा: हिरवे ठिपके अखेर हलले

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवकं (पेशीतले अन्न तयार करणारे हिरवे ठिपके) अगदी स्वच्छ दिसतात, पण जागची हलत नाहीत. या रविवारी ती हलली. नुसती हलली नाहीत, त्यांचा वेगही मोजता आला!

चूक बहुधा गारठ्याची होती. बरणी रात्रभर गॅलरीत असायची आणि मी पहाटे पान खुडून थेट स्लाइडवर घ्यायचे. या वेळी बरणी दोन तास उन्हात ठेवली. शेंड्याजवळचं कोवळं पान चिमट्याने अलगद काढलं, बरणीतल्याच पाण्याचा थेंब टाकला, कव्हरस्लिप (वरची पातळ काच) तिरकी टेकवत खाली सोडली. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर ४०एक्सचं ऑब्जेक्टिव्ह (पानाकडचं, ४० पट मोठं दाखवणारं भिंग) लावलं. तीन-चार मिनिटं सगळं शांत. मग एक ठिपका भिंतीला धरून सरकला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता अख्खी रांग पेशीच्या कडेने फिरायला लागली. कोपऱ्यावर दोन-तीन ठिपके अडकायचे, मागचे येऊन धडकायचे, की पुन्हा वाट मोकळी. चहा पार गार झाला.

हरितलवकं स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रवात ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू असतात, त्यांवरून मायोसिन हे प्रथिन चालतं आणि त्याच्या ओढीने सगळा पेशीद्रव वाहतो. मधली जागा मोठ्या रिक्तिकेने (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीने) व्यापलेली, म्हणून वाहायला कडेचीच वाट उरते. आपल्या स्नायूंचं आकुंचनही ॲक्टिन-मायोसिनच्याच जोडीवर चालतं. हे वाचून माहीत होतं, पण समोर बघताना अंगावर काटा आला.

आता मोजमाप. माझ्या आयपीसमधल्या (डोळ्याकडच्या भिंगातल्या) पट्टीचा एक भाग ४०एक्सवर २.५ मायक्रॉनचा भरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे नेमक्या मापाच्या रेघा आखलेली स्लाइड, लावून तीनदा ताडून पाहिलं). एका हरितलवकाने २० भाग, म्हणजे ५० मायक्रॉन, ९ सेकंदांत कापले. सेकंदाला साधारण साडेपाच मायक्रॉन. सोमवारी पहाटे गार पाण्यातलं पान घेतलं, तेव्हा बराच वेळ थांबल्यावर हालचाल दिसली खरी, पण तेवढ्याच अंतराला २२ सेकंद लागले. दोनच पानं झाली, त्यामुळे निष्कर्ष काढत नाही.

नव्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. कडा उठून दिसाव्यात म्हणून आपण डायफ्रॅम (खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) बंद करत जातो. कडा काळ्याभोर होतात, पण बारकावे जातात. माझ्या ४०एक्सचं न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातला उजेड गोळा करतं त्याचं माप) ०.६५ आहे, म्हणजे फार तर अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे बारकावे वेगळे दिसणार, आणि डायफ्रॅम आवळला की तेही हातचे जातात. आयपीस काढून नळीत डोकवा आणि उजेडाचं वर्तुळ तीन-चतुर्थांश भरेल इतकाच डायफ्रॅम उघडा ठेवा. मी हे केलं तेव्हा कुठे हरितलवकांच्या मधून वाहणारे बारीक कण दिसले. जास्त पॉवरचं ऑब्जेक्टिव्ह घेण्याआधी हे करून बघा.

पुढचा बेत कारा शेवाळाचा आहे. इटालियन शास्त्रज्ञ बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी १७७४ मध्ये पेशीतल्या या प्रवाहाचं वर्णन केलं ते कारावरूनच. त्याची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते आणि प्रवाह हायड्रिलापेक्षा कितीतरी वेगवान. गावाकडच्या विहिरीत मिळतंय का ते संक्रांतीला गेल्यावर बघते. कुणाच्या तळ्यात असेल आणि आधी मोजलंत, तर पाण्याचं तापमानही टिपून ठेवा.