मॅनेजर कळतो तो सकाळच्या ब्रीफिंगला

दुबईच्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे म्हटलं की गावाकडची मंडळी झुंबरांबद्दल विचारतात. माझा दिवस सुरू होतो तळघरात, लिनन रूमच्या दाराशी. नेपाळ, केरळ, फिलिपिन्स, केनिया, कुठकुठची मुलं-मुली ट्रॉल्या घेऊन उभी असतात आणि आमच्या मॅडम, म्हणजे हाउसकीपिंग मॅनेजर, कुणी कुठल्या खोल्या आवरायच्या त्याचे कागद वाटतात.

ही वाटणी हीच मॅनेजरची परीक्षा. पाहुणा राहत असलेली खोली पटकन आवरते. चेकआउटच्या खोलीला कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण चादरी, बाथरूम, मिनीबार, सगळंच नव्याने करायचं असतं. म्हणून बऱ्याच हॉटेलांत नुसत्या खोल्या न मोजता क्रेडिट, म्हणजे खोलीच्या कामानुसार ठरवलेले गुण, मोजतात. स्वीटला जास्त, साध्या खोलीला कमी. मी आधी जिथे होते तिथे फक्त आकडा चालायचा. मर्जीतल्यांना सोप्या खोल्या आणि नव्या मुलीच्या माथी सगळे चेकआउट. चांगली कामाची माणसं अशीच सोडून जातात.

रमजानमध्ये इथल्या कायद्याने रोजच्या कामाचे दोन तास कमी होतात, कामगाराचा धर्म कुठलाही असो. तास कमी करून खोल्या तेवढ्याच ठेवल्या, तर सवलत फक्त कागदावर राहते. आमच्या मॅडम क्रेडिटही कमी करतात. अडलंच तर स्वतः पलंग लावायला उभ्या राहतात.

रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीचा 2,000 डॉलरचा नियम आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना ठाऊक असतो. पाहुण्याची अडचण सोडवायला तिथला कुठलाही कर्मचारी वरिष्ठांना न विचारता एवढा खर्च करू शकतो. आमच्याकडे एवढी रक्कम नाही, मोकळीक मात्र आहे. मागे एका नेपाळी मुलीला बेसिनपाशी बाळाच्या दुधाच्या बाटल्या पालथ्या घातलेल्या दिसल्या. तिने आपणहून बाटल्या घासायचा ब्रश, छोटा टब आणि जास्तीचे नॅपकिन नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन हे सांगितलं. तेव्हापासून बाकीचेही खोलीत शिरल्यावर नुसती धूळ बघत नाहीत, पाहुण्याला काय लागेल तेही बघतात.

हॉटेल मॅनेजमेंट करून आखातात यायला निघालेल्यांनो, मुलाखतीत पगार, राहणं, जेवण विचाराच. त्याबरोबर हेही विचारा की खोल्या मोजता की क्रेडिट, रमजानमध्ये वाटणी बदलते का आणि रूम अटेंडंटला स्वतःच्या अखत्यारीत काय काय करता येतं.