बामणोलीहून मेढ्याला, ‘आपले सरकार’ मार्गे

मामाच्या नातीची बारावी झाली आणि प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला व वय-अधिवास प्रमाणपत्र एकदमच हवं झालं. ‘आता सगळं ऑनलाईन आहे, घरबसल्या होतं’ हे साताऱ्यात बसून म्हणायला सोपं आहे. घर बामणोलीच्या अंगाला कोयनेच्या पाण्याकाठी असलं, की घरबसल्या रेंजसुद्धा मिळत नाही. म्हणून जूनच्या पावसात यवतेश्वरचा घाट चढून कासवरून खाली उतरलो. पठारावर धुकं इतकं, की समोरची गाडी दिव्यांवरूनच ओळखायची. फुलांना अवकाश होता, त्यामुळे पर्यटकांची गर्दी नव्हती एवढंच सुख.

निम्मं काम मामीच्या पत्र्याच्या पेटीत झालं. रेशनकार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, वीजबिल असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. सातबारा आणि आठ-अ मात्र जुने, पिवळे पडलेले. ते महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवरून प्रत्येकी १५ रुपयांत डिजिटल सहीचे काढून घेता येतात, त्यासाठी तलाठ्याकडे जायची गरज नाही. मुलीचा बाप, म्हणजे माझा मामेभाऊ, वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. आमच्या जावळी तालुक्यातल्या पुष्कळ घरांचं निम्मं माणूस तिकडेच असतं, त्यामुळे ही गोष्ट नीट सांगतो. पगाराचा कागद तिकडून मागवावा लागतो, तो निघायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. आधारवर नवी मुंबईचा पत्ता आणि रेशनकार्डावर गावचा, अशी सरमिसळ असेल तर दाखला कुठून काढायचा ते आधी ठरवा आणि पुरावे त्याच पत्त्याचे जोडा. आम्ही गाव धरलं.

‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला रात्री साताऱ्यात परत आलो. नोंदणी मोबाईलवरच्या ओटीपीने होते. नंबर घरातल्याच कुणाचा तरी द्या. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्याचा दिलात, तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातील. लॉगिन करताना जिल्हाही निवडावा लागतो. मग महसूल विभाग, महसूल सेवा आणि हवा तो दाखला. जीव खातं ते अपलोड. फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ उंच आणि ५ ते २० केबीच्या मधला. कागदपत्रांची फाईल फार मोठी चालत नाही हे समजू शकतं, पण ७५ केबीपेक्षा लहानही चालत नाही! मोबाईलच्या अ‍ॅपने आवळून लहान केलेला आधार त्यामुळे परत येतो. थोडा जास्त दर्जाने स्कॅन केला की काम होतं. इंग्रजीत नाव भरल्यावर शेजारी उमटणारं मराठी नाव अक्षर न् अक्षर वाचा, कारण दाखल्यावर तेच छापून येतं.

गाव निवडताना तर डोळ्यांत तेल घाला. याच तालुक्यात ‘बामणोली तर्फ कुडाळ’ नावाचं दुसरं गाव आहे. यादीत घाईत भलत्या बामणोलीवर बोट पडलं, तर चौकशीचा कागद भलत्याच सज्जाला, म्हणजे दुसऱ्याच तलाठ्याकडे जाईल.

स्वयंघोषणापत्र जोडलं, पैसे भरले, अर्ज क्रमांकाची पावती आली. मामीला फोन केला, तर म्हणाली, “आवं, मशिनीत घातलं म्हंजी झालं व्हय? भाऊसाहेब काय म्हनत्यात?”

मामीचं बरोबर होतं. पोर्टलने रांग घालवली, चौकशी नाही. शेतीचं उत्पन्न दाखवायचं, तर तलाठ्याचा अहवाल लागतो. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच. त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतात, म्हणून सज्जावर कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारूनच घाट उतरा. अहवाल आधी हातात घेऊन तो अर्जासोबत जोडणं सगळ्यात सोयीचं, आम्ही तेच केलं होतं.

तरीही उत्पन्नाचा अर्ज त्रुटी काढून परत आला: पगाराचा कागद अस्पष्ट. फोटोचा फोटो होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. नवा स्कॅन चढवला आणि एकदा मेढ्याला, जावळीच्या तहसीलला, जाऊन आलो. खरं तर जायची गरज नव्हती. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर कुठलं टेबल झालं ते दिसतं. पण मामाला खिडकीवर माणूस बघितल्याशिवाय चैन पडेना. मेढ्यात बाहेर एकाने ‘शपथपत्राला ५०० चा स्टॅम्प लागेल’ म्हणून गाठलंच. शिक्षणासाठीच्या दाखल्यांना तो माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

या दोन्ही दाखल्यांची मुदत १५ दिवस आहे, आणि ती २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरवलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, पुढे दुसरं आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. लगेच अपिलाची भाषा काढू नका, पण पावतीवरची तारीख दाखवून ‘साहेब, मुदत संपतेय’ म्हणायला काहीच हरकत नाही.

दाखले डिजिटल सहीचे येतात, त्यावर पुन्हा शिक्का मारून घ्यायला धावू नका. पीडीएफ मुलीच्या ईमेलवर ठेवा, कॉलेजात पुन्हा पुन्हा मागतात. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीला नवा लागणार. तो एप्रिल-मेमध्येच काढा. तेव्हा घाटात धुकं नसतं आणि तहसीलला प्रवेशाची झुंबडही नसते.