पट काढणाऱ्यांना टॅकल शिकवताना

एडी जोन्स रग्बीत हुकर (पुढच्या फळीतला खेळाडू) होता, ऑस्ट्रेलियाकडून कधीच खेळला नाही. प्रशिक्षक झाला आणि 2015च्या विश्वचषकात त्याच्या जपानने दक्षिण आफ्रिकेला 34-32 असं हरवलं. अंगाने लहान खेळाडू पायांवर टॅकल घालत होते, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पायांना मिठी मारून पाडत होते!

वडोदऱ्याच्या आखाड्यातल्या पोरांना हे जमेल. पट काढता येतो, समोरच्याचे पाय धरून त्याला पाडता येतं, म्हणजे निम्मं काम झालंय. अडतं ते डोक्यापाशी. कुस्तीत डोकं आत घुसलं तरी चालतं, इथे धावणाऱ्याच्या पुढ्यात आलं की गुडघा थेट कानशिलावर बसतो. डोकं त्याच्या पार्श्वभागामागे, खांदा मांडीला, दोन्ही हातांची घट्ट मिठी. नजर वर, ती खाली गेली की मान वाकते. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग पळत. डाव्या खांद्याने टाळाटाळ करतात, तिथे दहा जास्त घ्या. मिठीशिवाय नुसता खांदा मारला तर पेनल्टी.